होळीचं गवत

भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि उन्हं कलल्यावर दादा म्हणाला, जरा माळावर चक्कर मारून ये, मजुरांनी होळीचं गवत सोडलंय का बघ. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पन्नाशी उलटलेल्या बहिणीला सणाच्या दिवशीसुद्धा कामाला लावायची त्याची जुनी खोड आहे. मी कुरकुर केली, पदर खोचला आणि निघाले. मनातून मला जायचंच होतं. अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर, समोरच्या इमारतीच्या संडासाच्या खिडक्या बघत राहणाऱ्या बाईला एवढं मोठं आकाश फुकट मिळत असेल तर ती कशाला सोडेल?

आमचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला. खाली भातशेती आणि वर चढून गेलं की सपाट, खडकाळ माळ. तिथे माती वीतभर. भात होत नाही, होतं ते फक्त गवत. अशा जमिनीला आमच्याकडे वरकस म्हणतात, आणि म्हणताना नाक थोडं मुरडतात. पण याच गवताच्या जोरावर आमच्या घराने दिवस काढले. पावसाळ्यानंतर ते कापायचं, गाठी बांधायच्या आणि ट्रकात भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. सगळा माळ कापायचा, पण मधोमध एक तुकडा सोडायचा. ते होळीचं गवत. ते कोणी विकत नाही, त्यात कोणी गुरं घालत नाही. वणवा आत शिरू नये म्हणून त्याच्या भोवतालचा पट्टा सगळ्यात आधी साफ करतात. होळीच्या दिवशी गाव विळे घेऊन वर जातं, भारे बांधून खाली आणतं आणि होळीवर रचतं. ही पद्धत कोणी घातली ते कोणालाच माहीत नाही, आणि ती मोडायची हिंमतही कोणाला झालेली नाही.

मजुरांनी गवत व्यवस्थित सोडलं होतं. काम झालं होतं, पण खाली जाऊन भांडी घासायची घाई मला नव्हती, म्हणून एका दगडावर टेकले. सूर्य मलंगगडाकडे उतरायला लागला होता. तेवढ्यात एक पक्षी आला. घारीपेक्षा सडपातळ, राखी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. तो गवतावरून इतक्या खालून उडत होता की मला वाटलं, तुऱ्यांना पोट घासत असणार. पंख जरा वर धरून तरंगायचा, वळायचा, परत यायचा. मग दुसरा आला, तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग असलेला. मग आणखी आले. ते झाडावर बसेनात, विजेच्या तारेवर बसेनात. उजेड कमी झाला तसे ते पाय खाली सोडून एकेक करून सरळ गवतात उतरले आणि दिसेनासे झाले. सगळेच्या सगळे होळीच्या गवतात.

मी दगडावरून उठून उभी राहिले. बरीच वर्षं मी दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरते आहे, त्यामुळे नाव लगेच आठवलं. भोवत्या. हिवाळ्यात थेट हिमालयापलीकडून येणारा शिकारी पक्षी. हा रात्री झाडावर नाही, जमिनीवर झोपतो, उंच गवतात, सगळे मिळून. हे मी वाचलं होतं, पण ते माझ्याच माहेरच्या माळावर येऊन झोपतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. लहानपणी याच माळावर मी शेण गोळा केलंय, गुरं वळलीत, मार खाल्लाय. हे पाहुणे तेव्हाही येत असतील आणि आमच्यापैकी कोणीही मान वर करून बघितलं नसेल. या विचाराने मला आनंदही झाला आणि रागही आला. कोणाचा राग ते विचारू नका. मला राग यायला समोर माणूस लागतोच असं नाही.

तिथूनच साईंना फोन लावला. साईं हे आमच्या रविवारच्या भटकंतीतले सोबती, उल्हासनगर कॅम्प पाचमधले सिंधी गृहस्थ. जीन्सला लागणाऱ्या बटणांचं आणि चेनचं दुकान चालवतात. आठवडाभर दुकान आणि रविवारी हातभर लांबीची लेन्स. ती लेन्स बघून गावागावातली पोरं विचारतात, शूटिंग कुठे आहे. मी म्हटलं, साईं, भोवत्या झोपायला उतरलेत, माझ्या डोळ्यांदेखत.  पलीकडून आवाज आला, "दीदी, हिलना मत, मैं आता हूँ."

मी त्यांना समजावलं की अंधार पडतोय, पक्षी आता सकाळपर्यंत हलणार नाहीत, आणि मी मात्र हलणार आहे कारण घरी भांडी पडली आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारीच ते स्कूटर घेऊन हजर झाले. दादाच्या ओटीवर बसून त्यांनी चहा प्यायला, करंज्या खाल्ल्या, आणि संध्याकाळी माळावर जाऊन त्यांनी ते पक्षी उतरताना पाहिले. एकही फोटो काढला नाही. लेन्स मांडीवर आणि तोंड उघडं. मग आठवडाभर स्वतःवरच चिडून होते, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना भोवत्याबद्दल सांगत होते.

तो अख्खा हिवाळा आम्ही रविवारी संध्याकाळी तिथेच पडीक असायचो. मी कारखान्यात स्टोअर सांभाळते. सोमवारी सकाळी पिंपांच्या राशीमध्ये उभी राहिले तरी डोळ्यांसमोर माळ असायचा. हळूहळू एक गोष्ट आमच्या लक्षात आली. दिवसा हे पक्षी शिकार करतात ती कापलेल्या माळावर. तिथे नाकतोडे दिसतात, उंदीर दिसतात, चंडोल दिसतात. आणि झोपतात ते न कापलेल्या गवतात. म्हणजे त्यांना दोन्ही हवं, दादाची कापणीही आणि गावाची होळीही. सगळा माळ कापला असता तर ते आले नसते, आणि मुळीच कापला नसता तरी आले नसते. होळी जवळ आली तसे ते उत्तरेला निघून गेले आणि मग गाव भारे आणायला वर चढलं. कोणी कोणाला न विचारता हे सगळं इतकं नीट जमून आलं होतं की मला हसूच यायला लागलं. मी दादाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, पाखरांना घर आणि मना काय, गुडघेदुखी.

पण बदलापूर आता आमच्या गावाच्या अंगणात येऊन ठेपलं आहे. रस्त्याच्या कडेला पोहण्याच्या तलावांची चित्रं असलेले फलक लागलेत. डंपरवाल्यांनी माळाच्या एका कोपऱ्यातला मुरूम उचलून नेला, तिथे भलामोठा खड्डा आहे. आणि दर पावसाळ्यात कोणी ना कोणी बॅनर घेऊन माळावर झाडं लावायला येतं. ओसाड जागा हिरवी करायची म्हणे. अहो, ती पावसाळ्यात गुडघाभर हिरवी असते, तुम्ही चिखलाला घाबरून रस्त्यावरच फोटो काढता म्हणून दिसत नाही. ती रोपं दादाच्या शेळ्या आठवडाभरात फस्त करतात. त्या शेळ्यांचे या माळावर फार उपकार आहेत, कारण तिथे वनराई झाली तर उघड्या माळावर खालून उडत शिकार करणाऱ्या पक्ष्याने करायचं काय?

पुढचा पावसाळा संपता संपता अंबरनाथला एका सभागृहात बैठक झाली. आमच्या बाजूची गावं शहराच्या हद्दीत आली होती आणि पुढच्या वाढीचा नकाशा बनवणाऱ्या मॅडमनी आमच्यासारख्या भटक्यांना बोलावलं होतं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, सोलापूरकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि स्पष्टच सांगितलं. रस्ते, शाळा, पाण्याच्या टाक्या, घरं, सगळ्यांनाच जागा हवी आहे. या काठावर पशुपक्ष्यांसाठी मी एक तुकडा नेटाने धरून ठेवू शकेन. चार मागितले तर चारही जातील. तेव्हा कुठला धरू ते सांगा, आणि तोच का ते सांगा.

सभागृहातल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच नाव घेतलं. आमच्या गावामागची दरी. ओहोळ आहे, जुनी झाडं आहेत, माकडं आहेत, फुलपाखरं आहेत, पावसाळ्यात छोटा धबधबा आहे. दरी मलाही आवडते, कोणाला नाही आवडणार? पण मला राहवेना. मी उभी राहिले आणि जरा जास्तच मोठ्याने बोलले. म्हटलं, दरीत माणसाला धड उभं राहता येत नाही, तिथे इमारत कोण उभी करणार आहे? ती जमीन वनखात्याची आहे, उताराची आहे, तिला आजच कोणी खात नाही. जाणार आहे तो माळ. तुमच्या नकाशावर तो पिवळा रंगवलाय, म्हणजे घरांसाठी, आणि खाली लिहिलंय पडीक. पडीक काय? तिथे ससे आहेत, लावे आहेत, टिटव्या अंडी घालतात, आणि हिमालयापलीकडचे पाहुणे झोपायला येतात. जे आपोआप वाचणार आहे त्याला राखून तुम्ही काय मिळवणार?

एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले की माळच घ्यायचा असेल तर घेऊ, पण तिथे झाडं लावू आणि एक तलाव खोदू, म्हणजे लोकांनाही छान वाटेल. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. साईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. मग त्यांनीच आपल्या मिश्र भाषेत शांतपणे मांडलं की माळाला काही लावायची गरज नाही, उलट लावणं थांबवायचं आहे. मुरमाचा खड्डा बुजवून वर माती पसरायची, डंपर अडवायचा, बाकी गवत आपण होऊन येईल. मॅडम एवढा वेळ ऐकत होत्या. त्या मला म्हणाल्या, ताई, पक्षी उतरतात तेव्हा मला माळ दाखवा. मी डोळ्यांनी पाहिलं तर भांडू शकेन.

मी घरी तरंगतच आले. नवऱ्याला झोपेतून उठवून सगळं सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला, दादाला विचारलंस का?

नव्हतं विचारलं. आणि इथेच सगळी गोम होती. आमच्याकडे जमिनीवर आरक्षण पडतं. वीज पडते तसं. नकाशावर कोणाच्या शेतावर शाळा पडते, कोणाच्या शेतावर बाग पडते, आणि मग ती जमीन ना धड आपली राहते, ना विकता येते, ना तिथे ती शाळा उभी राहते. आरक्षण या शब्दाला गावात लोक सापाला घाबरतात तितके घाबरतात. आणि माळ होता आमच्या घराचा. मुंबईचे तबेले शहराबाहेर हलायला लागले होते, गवताची मागणी घटली होती, दादाचे गुडघे गेले होते, आणि एका बिल्डरचा माणूस गाडी घेऊन ओटीवर येऊन बसायला लागला होता. त्याच्याशी बोलणी पुढे न्यायची तर दादाला एक गोष्ट हवी होती. माझी सही.

बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा असतो हे कायदा सांगतो. आमच्या गावची रीत अशी की बहिणीने हक्कसोड करून तो वाटा भावाला सोडायचा, भावाने साडी नेसवायची, आणि मग बहिणीचं माहेर कायम उघडं राहायचं. माझ्या आत्यांनी सोडला, चुलत बहिणींनी सोडला. नाही सोडला तर दार बंद होतं असं कोणी म्हणत नाही, पण ते सगळ्यांना माहीत असतं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दादाने साडी आणून ठेवली होती. चांगली, जांभळी, मला आवडते तशी. ओवाळून झाल्यावर त्याने विषय काढला. मी म्हटलं, यंदा नको, थोडं थांब. का म्हणाला, तेव्हा मी मॅडमचं आणि नकाशाचं सगळं सांगून टाकलं. मला वाटत होतं की मी इतक्या उत्साहाने सांगतेय, त्यालाही थोडा उत्साह येईल. दादाचा चेहरा उतरत गेला. तो हळू आवाजात म्हणाला, "माज्या जमिनीवर आरक्षन टाकाया निंगालीस? भाऊबीजेच्या दिशी?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "तुझ्या एकट्याची नाही ती."

 वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन तशीच उभी राहिली. दादा उठला, टोपी घातली आणि एवढंच म्हणाला, "बरा. मंग तुजा वाटा तू सांबाल." आणि बाहेर निघून गेला. साडी पाटावर तशीच राहिली. मी रिक्षाने बदलापूर स्टेशनला आले आणि घर येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिले. त्या भांडणात अर्थातच मी जिंकले.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. काही लागलंच तर वहिनीच्या फोनवर. मी हट्टाने गावाकडे फिरकले नाही. माळावर एकटे साईं जायचे आणि बातमी आणायचे. पाहुणे आले, होळीच्या गवतातच उतरतात, तबियत ठीक आहे. एकदा म्हणाले, रस्त्याच्या बाजूचं गवत अजून उभं आहे, इस बार कटाई पूरी नहीं हुई. मी म्हटलं, मजूर मिळाले नसतील. माझं लक्ष सगळं मॅडमच्या फोनकडे होतं. रात्री झोप लागायची नाही. माळ वाचला तर दादा तुटणार, आणि दादाला धरून ठेवलं तर माळ जाणार, हे मला पुरतं कळत होतं. तरीही खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी आनंदातच असायचे. आपण जन्मभर ज्या जमिनीवर चाललो ती कोणाला तरी नकाशावर बोट ठेवून दाखवायला मिळणार, याचंच मला अप्रूप होतं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मॅडम येणार असं ठरलं. मी वहिनीला कळवलं, फक्त चहा ठेव म्हटलं. दादा त्या दिवशी मुद्दाम कुठेतरी निघून जाईल अशी माझी खात्री होती. पण आम्ही पोचलो तर तो इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा. नवे कप काढलेले, बशीत बिस्किटं मांडलेली. मॅडमना त्याने हात जोडून या म्हटलं, साईंना खुर्ची पुढे केली. माझ्याशी तो बोलला नाही. चहा झाल्यावर मात्र, कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर सगला साफ करून ठेवलाय. म्याडम शहरातल्या, गवतात जनावर असतं."

जनावर म्हणजे साप. मला ते ऐकून बरं वाटलं, भाऊ शेवटी भाऊच, असं काहीतरी मनात आलं. साफ केलंय म्हणजे पायवाट केली असेल असं मी धरून चालले. चढ चढून वर पोचलो आणि माझे पाय जागीच थांबले.

होळीचं गवत नव्हतं. माळाचा मधला तुकडा मुळापासून कापून, झाडून, लख्ख केला होता. कापलेलं गवत एका बाजूला ताडपत्रीखाली नीट रचून ठेवलं होतं, होळीला कमी पडू नये म्हणून. आणि जिथे आमचे पाहुणे झोपायचे, बरोबर त्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर टॉवेल टाकला होता, मॅडमसाठी.

साईं माझ्या बाजूला उभे होते. ते सिंधीत काहीतरी पुटपुटले. मी तोंड उघडलं. मला ओरडायचं होतं, सगळा माळ ऐकेल असं ओरडायचं होतं. पण दादा गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभा होता आणि त्याच्या तोंडावर आपण काम चोख केल्याचं समाधान होतं. रागावलेला असूनही त्याने बहिणीच्या पाहुण्यांचा मान राखला होता. सरकारी माणूस बघायला येणार म्हणजे जागा साफ करून ठेवायची, हे आमच्या गावात लहान पोरालाही कळतं. पाखरं काय, कुठेही झोपतील, पाहुण्यांना साप चावता कामा नये, एवढाच त्याचा हिशेब. ज्याने टॉवेल अंथरून ठेवला त्याच्यावर ओरडायचं कसं? मी तोंड मिटलं आणि खुर्चीवर बसले. 

आम्ही तिथे बसून राहिलो. मॅडमनी विचारलं, ते नेमके कुठे उतरतात? मी म्हटलं, इथे, आपल्या खुर्च्यांखाली. त्यांनी खाली कापलेल्या धसांकडे बघितलं. मग त्यांची नजर पलीकडे दरीकडे गेली. दरी संध्याकाळच्या उन्हात हिरवीगार दिसत होती. आमच्या बाजूला सगळं पिवळं आणि भादरलेलं. कुठल्याही शहाण्या माणसाने तिथल्या तिथे दरी निवडली असती. मला ते समजत होतं, आणि त्यानेच माझी चिडचिड होत होती.

पहिला भोवत्या आला तेव्हा साईंनी नुसतं बोट दाखवलं. राखी नर होता. तो आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेला की मॅडमनी मान आत ओढली. मग बाकीचे आले. ते खुर्च्यांभोवती घिरट्या घालू लागले. खाली यायचे, गवत शोधायचे, परत वर जायचे. आपल्या घराच्या जागी काय झालं ते त्यांना कळत नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं. उजेड जात होता. ते हळूहळू वर चढायला लागले, मोठं वर्तुळ घेत. मी मनात म्हटलं, गेले. आज गेले आणि कायमचे गेले.

तेवढ्यात एक मादी वर्तुळातून फुटली आणि रस्त्याच्या बाजूला वळली. तिने पाय खाली सोडले आणि ती खाली गेली. साईं ताडकन उठले, त्यांची खुर्ची मागे पडली. तिथे, आमच्या पाठीमागे, माळाच्या पूर्वेच्या अंगाला, एक मोठा पट्टा गवत उभं होतं, छातीएवढं, तुऱ्यांसकट, कोणीही हात न लावलेलं. तिच्यामागून दुसरा उतरला, मग तिसरा, मग राखी नर. मला काय करू आणि काय नको असं झालं. मी मॅडमचं मनगट घट्ट धरलं होतं हे मला नंतर कळलं, त्यांनी हळूच सोडवून घेतलं तेव्हा. त्या हसत होत्या. एवढा वेळ मोजकं बोलणाऱ्या त्या मुलीचे डोळे चमकत होते, आणि त्या परत परत तेच म्हणत होत्या, काय सुंदर उतरतात हो, काय सुंदर उतरतात.

मग त्यांनी मोबाइलच्या उजेडात नकाशा उघडला. झोपायचा हा तुकडा पक्का राखायचा, त्या म्हणाल्या. बाकीचा माळ पिवळ्यातून काढून शेतीत ठेवायचा प्रयत्न करते. दादांनी तो कापत राहायला हवा, कारण शिकार ते कापलेल्या जागेतच करतात असं तुम्हीच सांगितलंत. दादाने हे ऐकलं आणि घसा खाकरला. त्याच्या कापणीची कोणा साहेबाला गरज आहे असं त्याला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी बोटाने तो उभ्या गवताचा पट्टा दाखवला आणि विचारलं की हा एवढाच तुकडा न कापलेला कसा राहिला, आणि तो कोणाचा आहे.

दादाने माझ्याकडे बघितलं. "हिचा हाय," तो म्हणाला. "सही नाय केली तिनी. मंग दुसऱ्याचा गवत मी कसा कापू?"

 भाऊबीजेला बाहेर पडून तो कुठे गेला होता ते मला आता कळलं. माळावर जाऊन त्याने, कापणी अर्ध्यावर असतानाच, पावलांनी मापून माझा वाटा वेगळा काढला होता, आणि रागाने की मानाने, कोण जाणे, त्याला विळाही लावू दिला नव्हता. एक हंगामभर ते गवत तसंच उभं होतं. मी मात्र मजूर मिळाले नसतील म्हणून मोकळी झाले होते.

मॅडमनी नकाशावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. "ताई, म्हणजे आरक्षण तुमच्या वाट्यावर पडेल. चालेल ना?"

पावसाळा संपल्यापासून मी आरक्षणाचा धोशा लावला होता, सभागृह दणाणून सोडलं होतं. ते दुसऱ्याच्या जमिनीवर टाकताना जीभ एकदाही अडखळली नव्हती. आता अडखळली. माझी म्हणावी अशी जमीन मला काही क्षणांपूर्वीच मिळाली होती, आणि ती जायचीही वेळ आली होती.

दादाने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. इतके दिवस धरलेला अबोला तो विसरला होता. "येडे, इचार कर," तो कुजबुजला. "रस्त्याकडचा हाय तो. सगल्यात चांगला म्हनून तुज्यासाठी काडला व्हता."

त्याच्या तोंडाला बिडीचा वास येत होता.  मागे गवतात पक्षी बसायला जागा करत असावेत, मधूनच एखादा पंख फडफडल्याचा आवाज येत होता. मला इतका आनंद झाला होता की तो कशाकशाचा आहे ते वेगळं करता येईना.

मी मॅडमना म्हटलं, "टाका."

 मान हलवत दादा खुर्च्या एकात एक घालायला लागला. त्याचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यातल्या अर्ध्या मी उचलल्या आणि आम्ही दोघं पुढे-मागे उतरायला लागलो.